ते म्हातारं

लातूरहून उदगीरला येणारी दुपारची एसटी. खिडकीची जागा मिळाली होती, पोटात उसाचा रस होता आणि नळेगाव येईपर्यंत एक डुलकी काढायची एवढाच बेत होता. तेवढ्यात कंडक्टर आला. त्यानं माझ्याकडं बघितलं, परत जरा निरखून बघितलं, आणि बहिऱ्या माणसाशी बोलावं तसा आवाज चढवून म्हणाला, "बाबाऽ, आधार काढाऽ."

"कशाला?"

"फुकट हाय की तुम्हाला. पंच्याहत्तरच्या पुढं तिकीट न्हाई. आधार दाखवा, झिरोचं काढतो."

माझं वय एकसष्ट. पोराच्या वयाच्या त्या कंडक्टरनं एका नजरेत माझी चौदा वर्षं गिळली होती. मी म्हणालो, "एकसष्ट. पूर्ण तिकीट द्या."

पोरगा मनानं चांगला असावा. खाली वाकून हळूच म्हणाला, "पासष्टवालं अर्धं बसतंय का बघू का? आधारावर साल चुकलं असंल. लोकांची चुकतेत."

"साल बरोबर आहे. पूर्ण द्या."

मागच्या सीटवरची बाई मधे पडली. "कशाला भांडायलाव बाबा? द्यायलाय तर घ्या की!"

एसटीत भांडणं आम्हाला नवीन नाहीत. पण ती सगळी सवलत मिळावी म्हणून. समोरून चालत आलेली सवलत नको म्हणून हमरीतुमरीवर आलेला माणूस त्या गाडीनं पहिल्यांदाच बघितला असेल. सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. आणि अगदी मागून, शेवटच्या बाकावरून, एक निवांत आवाज आला, "जाऊ दे की रं. म्हातारं सटकलंय."

'सटकलंय'चं मला काही वाटलं नाही. पोरांना तीस वर्षं मराठी व्याकरण शिकवलेला माणूस थोडाफार सटकलेला असतोच. मला लागलं ते 'म्हातारं'. नपुंसकलिंग!

नळेगाव आलं कधी, गेलं कधी, कळलं नाही. डुलकी तर गेलीच. 'तो म्हातारा' म्हटलं असतं तर मी ऐकून घेतलं असतं. पण 'ते म्हातारं'? जन्मलो तेव्हा मी 'ते लेकरू' होतो, मग 'ते पोरगं' झालो. मिसरूड फुटलं तसं मराठीनं मला लिंग बहाल केलं. तो पोऱ्या, तो गडी, तो मास्तर. आता पेन्शनबरोबर तेही काढून घेतलेलं दिसतंय. आणि गंमत बघा, एसटीचं धोरणही अगदी व्याकरणाबरहुकूम आहे. पाच वर्षांच्या आतलं लेकरू फुकट. ऑगस्ट २०२२ पासून पंच्याहत्तरीपुढचं म्हातारं फुकट. मधे जे पुल्लिंगी आहेत त्यांनी पैसे मोजायचे. (स्त्रीलिंगाला मार्च २०२३ पासून सरसकट अर्धं तिकीट आहे. त्यामुळं माझी बायको वयाचा विषयच न निघता निम्म्यात जाते. तिला कंडक्टर 'ताई' म्हणतो. ती माझ्यापेक्षा फक्त दोन वर्षांनी लहान आहे.)

घरी आल्या आल्या हातपाय न धुता शब्दकोश काढला. 'म्हातारा' हा शब्द संस्कृत 'महत्तर'वरून आलाय. महत्, महत्तर. म्हणजे मोठा, त्याहून मोठा. व्याकरणात याला तरभाव म्हणतात. मला एकदम बरं वाटलं. मी आत जाऊन बायकोला सांगितलं, "म्हातारा म्हणजे अधिक मोठा."

"मग मोठ्या माणसानं पंख्यावरचं जळमट काढावं," ती म्हणाली. "स्टूल तिथं हाय."

स्टुलावर उभ्या उभ्या पुढचा विचार केला. महत्तर हा तरभाव, तर ज्येष्ठ हा तमभाव. ज्येष्ठ म्हणजे सगळ्यांत मोठा, सगळ्यांत श्रेष्ठ. एका गावात तो एकच असू शकतो. पण आमच्या बसस्टँडवर, जिथं भिंतीवर 'ज्येष्ठ नागरिकांसाठी राखीव' असं लिहिलंय, तिथं रोज सकाळी नऊ-दहा सर्वश्रेष्ठ पुरुष एका बाकावर दाटीवाटीनं बसून तंबाखू मळत असतात. इन्कम टॅक्सवाल्यांनी तर ऐंशीच्या पुढं 'अति ज्येष्ठ' काढलंय. तमभावाच्या डोक्यावर आणखी एक भाव! पाणिनीच्या हे स्वप्नात आलं नसेल. त्यापेक्षा ज्येष्ठ महिन्याचा अर्थ घ्यावा. ज्येष्ठात आमच्याकडं माणूस काय करतो? उन्हाचा ओसरीला बसतो आणि आभाळाकडं बघतो. हा अर्थ चपखल आहे.

बरं, हे ज्येष्ठत्व तरी सगळीकडं एकसारखं असावं? २००७ च्या ज्येष्ठांच्या कायद्यानं मी साठीलाच ज्येष्ठ झालो. इन्कम टॅक्सलाही साठ चालतात, बँकही ठेवीवर जरा जास्त व्याज देते. एसटीला मात्र पासष्ट लागतात. म्हणजे उदगीरच्या बँकेत मी म्हातारा, आणि तिथून दहा मिनिटं चालत बसस्टँडवर आलो की तरणा. परतताना पुन्हा म्हातारा. ही ये-जा रोजची झाली तर गुडघे दुखणारच.

आणि थेरडा! या शब्दावर मी पोरांना छड्या दिलेल्या आहेत. त्याचं मूळ बघितलं तर पार स्थविर निघालं. स्थविरचं पालीत झालं थेर. थेर म्हणजे ज्येष्ठ, पूज्य भिक्षू. थेरवादातला थेर तो हाच. अजिंठ्याच्या लेण्यांत ज्या शब्दापुढं माणसं हात जोडत असतील, त्याला आमच्याकडं पोचेपर्यंत शेपटीला एक 'डा' चिकटला आणि त्याची शिवी झाली.

हा सगळा माल घेऊन दुसऱ्या दिवशी टपरीवर गेलो. आमची टपरी म्हणजे भाषांची तिठी. इकडं बिदर, तिकडं तेलंगणा, आणि १९४८ पर्यंत सगळ्यांच्या डोक्यावर निजाम. त्यामुळं एकाच कपात चार भाषा ढवळल्या जातात. पोलीस अ‍ॅक्शनच्या आधी शाळा शिकलेल्या आमच्या वडिलांना उर्दू मराठीपेक्षा बरी लिहिता यायची.

खानसाब म्हणाले, "मास्तर, बुजुर्ग बोलो ना. फारसीत बुजुर्ग म्हणजे बडा."

"आणि बुढ्ढा?"

"वो पीठ पीछे." खानसाबांनी बशीत चहा ओतला. "जईफ भी है, पर वो नक्को. जईफ म्हणजे कमजोर." मग त्यांनीच सांगितलं की पीर म्हणजे मुळात म्हातारा, आणि शेख म्हणजे अरबीत म्हातारा, वडीलधारा. मी मनातल्या मनात आमच्या गल्लीतले शेख मोजले. त्यातला एक परवाच अंगणवाडीत जायला लागलाय. उर्दूत तर सोमवारालाही पीर म्हणतात, म्हणजे आठवड्याची सुरुवातच म्हाताऱ्यानं होते. सोमवारी सकाळी अंगात जे काही भरून येतं, त्याचा उलगडा मला त्या दिवशी झाला.

कापड दुकानवाले आप्पा घरात कन्नड बोलतात. ते म्हणाले, "आमच्यात वडीलधाऱ्याला दोड्डवरु म्हणतेत. दोड्ड म्हणजे मोठं."

"आणि पाठीमागं?"

"मुदुक," आप्पा एवढ्या चटकन म्हणाले की मला त्यांच्या सुनेची आठवण झाली.

देगलूरकडचा आमचा गवंडी मिस्त्री तेलुगू. त्याच्याकडंही तोच हिशोब. समोर पेद्दायन, पेद्द म्हणजे मोठा. पाठ वळली की मुसलोडु. मी टपरीच्या फळीवर बोटानं चहाचे चार ठिपके काढले. महत्तर, बुजुर्ग, दोड्डवरु, पेद्दायन. चारी भाषांनी म्हाताऱ्याला तोंडावर 'मोठा' म्हटलंय, आणि बाकीच्या तिघींनी पाठीमागं वापरायला दुसरा शब्द राखून ठेवलाय. फक्त मराठीनं मोठी चलाखी केली. तिनं तोंडावरचाच शब्द झिजवून झिजवून पाठीमागं नेऊन टाकला. थेरचं तेच केलं, महत्तरचं तेच केलं. आता ज्येष्ठाची पाळी आहे. खोटं वाटत असेल तर शिवाजी चौकात उभे राहा. परवाच मोटारसायकलवरून तिबलसीट आलेल्या पोरांनी मला हॉर्न दिला आणि वर ओरडले, "ओ ज्येष्ठ! साइडला घ्या की!"

रात्री पोरीचा फोन आला. ती पुण्यात नोकरी करून जपानी शिकते. मी माझं दुःख सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, जपानमध्ये साठीला लाल कपडे घालतात. साठ वर्षांचं चक्र संपलं, माणूस परत जन्मला, म्हणून बाळासारखे लाल."

यात मला नवल वाटलं नाही. आपलीही संवत्सरं साठच की. प्रभवापासून निघायचं, साठ झाली की परत प्रभव. पण आपण बाळाचे कपडे देत नाही, आपण उग्ररथ शांत करतो. गेल्या वर्षी माझी केली. भर उन्हाळ्यात होमासमोर तीन तास बसवलं, वर दूध, दही, तूप आणि अडीचशे पाव्हण्यांचे आशीर्वाद ओतले. त्या उग्ररथातून उतरलो तो थेट एसटीत. त्यापेक्षा जपानी हिशोब परवडला. तिकडच्या मोजणीनं आज मी एक वर्षाचा आहे. म्हणजे एसटीत तसाही फुकट.

"आणि ऐक ना," पोरगी म्हणाली, "तिकडं म्हातारे ड्रायव्हर गाडीला खूण लावतात. १९९७ ला काढली तेव्हा ती पानासारखी होती, पिवळी-नारिंगी. लोक म्हणायले, हे तर वाळून गळायला आलेलं पान. खूप चिडले. मग २०११ ला बदलून चार पाकळ्यांचं हिरवं-बिरवं केलं."

पिकलं पान! इतक्या लांब समुद्रापलीकडं पण तेच झाड, तेच पान. आणि त्यांनी भांडून ते बदलून घेतलं. आमच्याकडं पिकलं पान म्हटलं की समोरचा खूश होऊन हसतो आणि "आता कधी गळतंय बघायचं" असं स्वतःच वर म्हणतो.

चिनी भाषेतलं मात्र मी वहीत लिहून घेतलं. तिथं 'लाओ' म्हणजे म्हातारा, आणि शिक्षकाला म्हणतात लाओशी. बावीस वर्षांचा नवा मास्तर वर्गात आला तरी पोरं त्याला म्हातारा मास्तर म्हणूनच उठून उभी राहतात, आणि तो खूश होतो. वाघालासुद्धा लाओहू, म्हणजे म्हातारा वाघ. त्याचं बछडं जन्मलं तरी ते छोटा म्हातारा वाघच! ज्या देशात वाघाला म्हातारं म्हणतात तिथं कंडक्टर कशाला आवाज चढवेल? झोपताना मी बायकोला म्हणालो, "मला लाओशी म्हणत जा." ती म्हणाली, "लाज नाही वाटत?" तिला काय ऐकू आलं देव जाणे.

असे पंधरा दिवस गेले. मी केसांना कलप लावायचं ठरवलं, मग रद्द केलं, मग मिशीपुरतं ठरवलं. अशाच मनःस्थितीत परवा बसस्टँडवर उभा होतो. शेजारी धोतर, मुंडासं, चेहऱ्यावर नांगरटीसारख्या सुरकुत्या असलेला एक शेतकरी. ऐंशी तर नक्की पार. हजार पौर्णिमा बघितलेला माणूस. त्याच्या पायाशी तुरीचं अर्धं पोतं. गाडी लागली. त्यानं इकडंतिकडं बघितलं, मला शोधलं आणि म्हणाला, "पोरा, एवढं वर घाल की."

पोरा.

आजूबाजूला दुसरं कोणी पोर नव्हतं. मी खात्री करून घेतली. पंधरा दिवसांची शब्दव्युत्पत्ती एका क्षणात पाण्यात गेली. चार भाषांतला मोठेपणा एकीकडं आणि हा एक शब्द एकीकडं. मी हातातली पिशवी खाली ठेवली, बाह्या सारल्या, पोत्याला मिठी मारली आणि एका दमात दारातून आत सारलं.

"शाबास रं बहाद्दरा," म्हातारा म्हणाला.

कमरेत कटकन आवाज आला तो त्या 'शाबास'च्या आधी की नंतर, हे सांगता येणार नाही. माझी गाडी आली आणि गेली. रिक्षावाल्यानं मला काखेत हात घालून बसवलं. त्यानं भाडं विचारल्याबरोबर दिलं. घासाघीस करायलासुद्धा कंबर लागते.

आज तिसरा दिवस. मी पलंगावर पालथा आहे. पाठीवर एरंडेल लावून शेकलेली रुईची पानं बांधली आहेत. ही तीच रुई, जिच्या बोंडातून पांढरा भुरभुरीत कापूस उडतो आणि लहानपणी आम्ही "म्हातारी, म्हातारी" करत त्याच्यामागं धावायचो. स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज येतोय. तिकडून अहमदपूरची मेव्हणी आहे.

"कुठलं यायचं लग्नाला? म्हातारं पडलंय इथं पलंगावर. व्हय की, पोतं उचलाया गेलतं. कुणीतरी 'पोरा' म्हणलं म्हणं त्याला."

मला राहवलं नाही. उशीतून तोंड वर काढून मी जेवढा जमेल तेवढा आवाज काढला, "पुल्लिंग! पुल्लिंग!"

"थांब गं," ती फोनवर म्हणाली, "काहीतरी मागायलंय. बघते."