तळपद्यांचे विमान खरेच दीड हजार फूट उडाले होते का?

डिसेंबरात राइट बंधूंच्या उड्डाणाचा दिवस जवळ आला की एक मजकूर व्हॉट्सॲपवर हमखास फिरू लागतो. थोडक्यात असा: १८९५ साली, म्हणजे राइट बंधूंच्या आठ वर्षे आधी, शिवकर बापूजी तळपदे या मुंबईकराने गिरगाव चौपाटीवर 'मरुत्सखा' नावाचे मानवरहित विमान १५०० फूट उंच उडवले. सयाजीराव गायकवाड आणि न्यायमूर्ती रानडे ते बघायला हजर होते. केसरीत बातमी आली. विमान प्राचीन 'वैमानिक शास्त्रा'वरून बांधलेले होते आणि पाऱ्यावर चालत होते. इंग्रजांनी प्रकरण दडपले, तळपद्यांच्या पश्चात आराखडे रॅली ब्रदर्स कंपनीला विकले गेले आणि तिथून ते राइट बंधूंच्या हाती पडले.

हा मजकूर गमतीवारी नेता येत नाही. २०१५ मध्ये मुंबई विद्यापीठात भरलेल्या सायन्स काँग्रेसमध्ये प्राचीन विमानविद्येवर निबंध वाचला गेला, त्याच वर्षी तळपद्यांवर हिंदी चित्रपट आला, आणि २०१७ मध्ये केंद्रातल्या एका राज्यमंत्र्यांनी इंजिनीअरिंगच्या मुलांना हे शिकवा म्हणून जाहीर सांगितले. तेव्हा एकेक दावा घेऊन बघू. आधीच सांगतो, तळपदे हा माणूस खरा आहे. १८६४ चा जन्म, मुंबईचे पाठारे प्रभू, जे. जे. कला शाळेशी संबंध, संस्कृतचा आणि वेदांचा नाद, आणि विमान बनवण्याचा ध्यास. वाद त्यांच्याबद्दल नाहीच. वाद उड्डाणाबद्दल आहे.

"केसरीत बातमी आली होती." कोणत्या तारखेच्या? मजकुरात फक्त साल असते. दिवस नाही, महिना नाही, अंक नाही, पान नाही. केसरी तेव्हा दर मंगळवारी निघणारे साप्ताहिक होते. १८९५ च्या १ जानेवारीलाच मंगळवार होता, म्हणजे त्या वर्षात मंगळवार आले ५३. एवढ्या अंकांत एक बातमी शोधायची म्हणजे काही समुद्रमंथन नव्हे, चिकाटीचा माणूस ते आठवड्याभरात उरकेल. पण दाव्याबरोबर ते कात्रण कधीच येत नाही. येते ते 'केसरीने छापले होते' असे सांगणारे अलीकडच्या कुठल्यातरी लेखाचे कात्रण. आणि केसरी कुणाचा, तर टिळकांचा. त्या वर्षी टिळक रायगडावरच्या शिवसमाधीच्या जीर्णोद्धारासाठी रान उठवत होते. मुंबईच्या एका मास्तरने साहेबाच्या नाकावर टिच्चून विमान उडवले असते तर टिळकांनी एका बातमीवर भागवले असते असे ज्याला वाटते, त्याने टिळकांचे अग्रलेख वाचलेले नाहीत.

"गिरगाव चौपाटीवर १५०० फूट." हा आकडा मुंबईत उभे राहून बघावा. राजाबाई टॉवर २८० फुटांचा. १८९५ मध्ये तो बांधून सतरा वर्षे झाली होती आणि शहरातल्या सर्वांत उंच इमारतींत गणला जात होता. मरुत्सखा त्याच्या पाचपट उंच गेले म्हणतात. चौपाटीच्या डोक्यावर मलबार हिल; तिथे गव्हर्नरचा बंगला आणि बड्या साहेबांच्या कोठ्या. किनाऱ्यालगत बी. बी. सी. आय. रेल्वेची, म्हणजे आजच्या पश्चिम रेल्वेची लाइन, चर्नी रोड स्टेशन तर हाकेच्या अंतरावर. एवढ्या उंचीवर काही घरघरत गेले असते तर ते गाडीतल्या उतारूंना, बंगल्यांच्या गच्चीतल्या मडमांना आणि बंदरातल्या खलाशांनाही दिसले असते. टाइम्स ऑफ इंडिया, बॉम्बे गॅझेट, मुंबई समाचार, जामे जमशेद, इंदुप्रकाश, एवढी वर्तमानपत्रे एकट्या मुंबईत होती. त्यातल्या इंदुप्रकाशच्या इंग्रजी बाजूचे संपादन एकेकाळी खुद्द रानड्यांनी केले होते.

तुलनेला पुढचेच वर्ष घ्या. ७ जुलै १८९६ ला वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या माणसाने हलती चित्रे दाखवली. तिकीट एक रुपया. भिंतीवर गाडी आलेली दाखवली, एवढेच. त्याची टाइम्समधली जाहिरात शतकातला चमत्कार वगैरे म्हणते आणि ती आजही वाचायला मिळते. ज्या शहराने पडद्यावरच्या गाडीची एवढी नोंद ठेवली, त्या शहरात आभाळात उडालेले विमान कुणाच्याच दप्तरी पडू नये?

"इंग्रजांनी दडपले." दडपशाही खरीच होती, पण ती कशी चालायची ते बघा. मुंबई सरकार देशी वर्तमानपत्रांतल्या मजकुराचे इंग्रजी गोषवारे दर आठवड्याला तयार करून घेई. कोण काय लिहितो हे साहेबाला कळावे म्हणून. म्हणजे जे लिखाण जास्त खुपे तेच जास्त काळजीने नोंदले जाई. १८९७ मध्ये टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला तोही उघड कोर्टात, छापलेल्या मजकुरावर, आणि खटल्याचा शब्दन्‌शब्द पुन्हा छापून आला. एक बातमी मराठी, गुजराती, इंग्रजी अशा सगळ्या पत्रांतून, खासगी पत्रव्यवहारातून आणि बडोद्याच्या दरबारी कागदांतूनही पुसून काढणारी यंत्रणा त्या सरकारकडे नव्हती. शिवाय सयाजीराव म्हणजे १९११ च्या दिल्ली दरबारात बादशहापुढे रिवाजाप्रमाणे न झुकता पाठ फिरवणारे संस्थानिक. ते विमानाच्या बाबतीत मात्र आयुष्यभर मूग गिळून बसले, हे त्यांना शोभत नाही.

"प्राचीन वैमानिक शास्त्रावरून बांधले." इथे जरा थांबायला हवे, कारण सगळा डोलारा याच खांबावर उभा आहे. वैमानिक शास्त्र भरद्वाज ऋषींच्या नावावर आहे. पण ते सांगितले बंगळुरूजवळच्या आनेकलच्या पंडित सुब्बराय शास्त्री यांनी. अंतःस्फूर्तीने आलेले श्लोक ते म्हणत आणि लेखनिक उतरवून घेत. हे काम चालले १९१८ ते १९२३. विमानांची चित्रे काढली एका स्थानिक इंजिनीअरिंग कॉलेजच्या ड्राफ्ट्समनने, तीही १९२३ मध्ये. तळपदे वारले १९१६ च्या सुमारास. म्हणजे १८९५ चे विमान ज्या ग्रंथावरून बांधले म्हणतात, तो ग्रंथ कागदावर येण्याआधीच बांधणारा गेला होता.

१९७४ मध्ये बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधल्या पाच जणांनी या ग्रंथाची रीतसर तपासणी केली. पाचहीजण आपलेच; साहेबाचा यात हात नाही. त्यांनी आधी भाषा तपासली. संस्कृत सोपे, अर्वाचीन वळणाचे, वैदिक भाषेच्या जवळपासही नाही. ग्रंथ १९०४ च्या आधीचा असूच शकत नाही असा त्यांचा निष्कर्ष. मग शकुन, सुंदर, रुक्म आणि त्रिपुर या चार विमानांची मापे घेऊन गणित मांडले. एकही उडण्याजोगे निघाले नाही. रचना अशी की ती उड्डाणाला मदत करण्याऐवजी अडवणार. याच निबंधात तळपद्यांचाही उल्लेख आहे, आणि फॉरवर्ड करणाऱ्यांनी तो वाचायलाच हवा: सुब्बराय शास्त्र्यांच्या मार्गदर्शनाखाली तळपद्यांनी मुंबईत नमुने बनवायचा प्रयत्न केला, पण त्यातला एकही उडवण्यात त्यांना यश आले नाही. ज्या परंपरेच्या जोरावर हा दावा उभा केला जातो, तिचा माग काढत गेलेल्यांच्या हाती हे लागले.

"पाऱ्याचे आयन इंजिन, जे नासाने नंतर वापरले." आयन म्हणजे विजेचा भार असलेले कण; ते मागे फेकून हे इंजिन पुढे रेटा देते. नासाने वापरले हे खरे. १९६४ मध्ये सर्ट-१ या यानावर पाऱ्याचे आयन इंजिन अर्धा तास चालले. पण कुठे? निर्वात अंतराळात. आणि त्याचा रेटा किती? दोन-तीन ग्रॅम वजन तोलून धरेल एवढा, म्हणजे पाच रुपयांचे नाणेसुद्धा जमिनीवरून उचलायला तो कमी पडेल. अंतराळात हवेचा अडथळा नसतो, म्हणून तेवढा रेटाही महिनोन्‌महिने लावून यानाचा वेग वाढवता येतो. चौपाटीच्या दमट हवेत तो निरुपयोगी. शिवाय त्याला हजारो व्होल्टची वीज लागते, आणि एक लिटर पारा भरतो साडेतेरा किलोच्या वर. इलेक्ट्रॉनचा शोध लागला १८९७ मध्ये. पाऱ्याचे आयन वेगात मागे फेकून पुढे रेटा मिळवणारे यंत्र त्याच्या दोन वर्षे आधी गिरगावात तयार होते म्हणणाऱ्याने वीज कुठून आणली तेवढे तरी सांगावे.

"आराखडे राइट बंधूंकडे गेले." याला दोन ओळी पुरतात. आराखडे तळपद्यांच्या पश्चात विकले असे मजकूरच सांगतो, म्हणजे १९१६ नंतर. राइट बंधू उडाले १९०३ मध्ये, पेटंट मिळाले १९०६ मध्ये, आणि विल्बर राइट १९१२ मध्ये टायफॉइडने वारलेही होते.

आता समजा, वादापुरते धरून चालू, की मरुत्सखा उडाले. तरी राइट बंधूंचा मान कुठे जातो? त्यांचा दावा माणूस बसलेल्या, इंजिनावर चालणाऱ्या, हवेत ताब्यात ठेवता येणाऱ्या विमानाचा आहे. मानवरहित छोटी विमाने त्यांच्या आधी उडाली होती आणि ते कुणी लपवलेलेही नाही. ६ मे १८९६ ला अमेरिकन शास्त्रज्ञ सॅम्युअल लँगलीचे वाफेवर चालणारे मानवरहित विमान पोटोमॅक नदीवर तीन हजार फुटांहून लांब गेले. ते बघायला टेलिफोनवाले ग्रॅहम बेल हजर होते, त्यांनी फोटो काढला, तो आजही आहे. तळपद्यांची स्पर्धा लावायचीच तर लँगलीशी लागेल. आणि लँगलीकडे तारीख, साक्षीदार व फोटो असा तिन्हींचा ऐवज आहे.

त्या काळात विमान न उडणे ही काही नामुष्की नव्हती. हिराम मॅक्सिमने १८९४ मध्ये इंग्लंडात काही टन वजनाचे वाफेचे धूड रुळांवर पळवले, ते जेमतेम उचलले गेले आणि मोडून पडले. खर्च हजारो पौंडांचा. जर्मनीचा लिलिएंथाल १८९६ मध्ये ग्लायडरवरून, म्हणजे बिनइंजिनाच्या विमानातून, पडून मेला. लँगलीचे माणूस बसवलेले मोठे विमान १९०३ मध्ये दोनदा नदीत कोसळले.

त्याच लँगलीसाठी पुढे अमेरिकेतल्या स्मिथसोनियन या संशोधन संस्थेनेही असाच हट्ट केला होता, हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही. लँगली त्या संस्थेचे प्रमुख होते. १९१४ मध्ये त्यांचे बुडालेले विमान दुरुस्त करून तळ्यावर थोडे उडवून दाखवले आणि संस्थेने जाहीर केले की माणूस नेण्याची क्षमता असलेले पहिले विमान आमचेच. ऑर्विल राइट एवढे चिडले की त्यांनी आपले मूळ विमान १९२८ मध्ये लंडनच्या संग्रहालयाकडे धाडून दिले. वाद मिटला १९४२ मध्ये. 'दुरुस्ती'च्या नावाखाली पंख, आधार, इंजिन यांत किती बदल केले होते त्याची यादीच मूळ रचनेशेजारी छापली गेली आणि संस्थेने दावा मागे घेतला. मरुत्सखाच्या बाबतीत मागे घेण्याजोगी यादीसुद्धा नाही. विमानाची लांबी, वजन, इंजिनाची ताकद, उड्डाणाचा दिवस, यातला एकही तपशील त्या मजकुरात कधी आलेला नाही.