त्या तीन दिवसांबद्दल

महोदय,

अमेरिकेतल्या अलाबामा विद्यापीठात प्रवेश मिळालेल्या पहिल्या कृष्णवर्णीय विद्यार्थिनी ऑथरीन ल्युसी यांच्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: "तीन दिवस वर्गात बसलेल्या बाईचा एवढा उदोउदो कशाला? मॅडम, जरा अभ्यास वाढवा." मतभेदाचं मला वावडं नाही, पण ओळखदेख नसलेल्या माणसाशी असं बोलतात का? हाच प्रश्न सरळ शब्दांत विचारला असतात तर तुमचं काय बिघडलं असतं?

एक मान्य करते. १९६३ साली अलाबामा विद्यापीठात प्रवेश घेऊन १९६५ मध्ये तिथली पदवी मिळवणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय विद्यार्थिनी विव्हियन मलोन यांची मी एका ओळीत बोळवण केली. त्यांना जास्त जागा द्यायला हवी होती.

आता ते तीन दिवस. ल्युसींनी अर्ज केला १९५२ मध्ये. प्रवेश मिळाला आणि त्या कृष्णवर्णीय आहेत हे कळताच काढूनही घेतला गेला. थर्गुड मार्शल यांच्यासारखे नागरी हक्कांसाठी लढणारे वकील त्यांच्यासाठी कोर्टात उभे राहिले, तरी निकाल लागायला १९५५ उजाडलं. १९५६ च्या फेब्रुवारीत त्या ग्रंथालयशास्त्राच्या वर्गात बसल्या, पण वसतिगृह आणि भोजनगृह त्यांना बंदच. तिसऱ्या दिवशी, ६ फेब्रुवारीला, जमाव चालून आला. अंडी फेकली, "मारून टाका" म्हणून ओरडले. आणि विद्यापीठाने निलंबित कोणाला केलं? ल्युसींना! कारण काय, तर त्यांची सुरक्षितता. कोर्टाने परत घ्यायला सांगितलं, तेव्हा विद्यापीठावर आरोप केल्याचं निमित्त काढून त्यांना कायमचं काढून टाकलं. ती हकालपट्टी रद्द झाली १९८८ मध्ये. मग साठीच्या आसपास त्या पुन्हा तिथेच शिकायला गेल्या आणि १९९२ मध्ये पदव्युत्तर पदवी घेतली. त्याच समारंभात त्यांच्या लेकीलाही पदवी मिळाली. हा चाळीस वर्षांचा हिशेब तुम्ही तीन दिवसांत उरकलात.

मीही ग्रंथालयशास्त्रच शिकले. माझं आडनाव कळल्यापासून हॉस्टेलच्या मेसमध्ये माझ्या टेबलावर कोणी ताट घेऊन येत नसे. माझ्यावर कोणी अंडी फेकली नाहीत, तरी पहिल्याच सत्रात मी ट्रंक भरून ठेवली होती. बाहेर गर्दी ओरडत असताना वही उघडून बसायला काय लागतं, ते मला तुमच्याकडून शिकायचं नाही.

"अमेरिकेतलं आपल्याला काय" आणि "लेख लांबला" या तुमच्या बाकीच्या तक्रारींत मी शिरत नाही. नसेल वाचायचा तर नका वाचू.

मलोन यांच्यावर स्वतंत्र लेख लिहायला घेतला आहे. त्यावर जरूर लिहा, पण भाषा सांभाळून.