फुटाचा भाव सांगता, पण मोजता कोणता फूट?

गावात घर बांधायला काढलं की सगळे एकच विचारतात, ठेकेदार फुटाला काय भाव लावते? अन् तिथंच माणूस नागवला जातो. फूट कोणता, हे कोणी विचारतच नाही बाप्पा! २० बाय ४० चं घर म्हणजे ८०० चौरस फूट. पण स्लॅब चारही बाजूंनी दीड-दीड फूट बाहेर काढला की तो होतो २३ बाय ४३, म्हणजे ९८९ फूट. बोलणी झाली घराच्या भावाची, बिल येतं स्लॅबच्या मापाचं. १८९ फूट जास्त, जवळजवळ २४ टक्के वाढ, आणि राहायला वीतभर जागा वाढलेली नाही. त्यावर जिना वेगळा, जिन्यावरचा टॉवर वेगळा, पोर्च वेगळा, सेप्टिक टँक तर "आपल्या बोलण्यातच नव्हता भाऊ". बोलण्यात नव्हता कारण बोलू दिलंच नाही! कापूस विकून पैसे जमवलेल्या कास्तकाराला चिठ्ठीवर एक आकडा लिहून द्यायचा आणि त्याला अंदाजपत्रक म्हणायचं, हा धंदा आहे का?

आता पाया. आपल्याकडची काळी जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, हे इथल्या लहान पोराला माहीत आहे. ठेकेदाराला माहीत नाही काय? तरी भाव देताना चार फूट खोली धरायची आणि खोदकाम सुरू झालं की "मुरूम लागला नाही, आणखी तीन फूट जावं लागते". मग खोदाई वाढली, काँक्रीट वाढलं, कॉलमचा लोहा वाढला. भाव घ्यायच्या आधी प्लॉटच्या दोन-तीन कोपऱ्यांत खड्डे मारून मुरूम किती खाली आहे ते पाहायला एक दिवस लागतो. ते करत नाहीत, कारण तो खड्डा नसण्यातच त्यांची कमाई आहे. अन् ज्या मालकाला वाढीव खर्च झेपत नाही त्याचा पाया काळ्या मातीतच थांबवतात. दोन पावसाळ्यांत खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरप्या भेगा निघतात.

सगळ्यात संताप येतो तो जोत्याच्या भरावाचा. खोदून निघालेली काळी माती तशीच जोत्यात लोटून देतात, वाहतूक वाचते म्हणून. खाली ओल गेली की ती माती फुगते, फरशी वर उचलते, टाइल्स सुटतात. भराव मुरमाचाच हवा, सहा-सहा इंचांचा थर टाकून, पाणी मारून, धुमस करून. हे कागदावर लिहून घ्या, मुरूम किती ब्रास तेही लिहून घ्या.

ब्रास म्हणजे १०० घनफूट. ट्रॉली आली की रेती सपाट करा, टेप लावा, लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, भागिले १००. "एक ब्रास आहे" असं सांगून ८० घनफूट टाकून जातात. ओली रेती तर फुगलेली असते. थोडीशी ओल असली तरी २०-२५ टक्के जास्त दिसते, आणि आपण त्या पोकळीचे पैसे देतो. लोह्याचंही तेच. १२ मीटरची १० मिमीची सळई ७.४ किलो भरली पाहिजे, १२ मिमीची साडेदहा किलोच्या वर. बंडल काट्यावर घ्या आणि सळया मोजा. पाहा मग काय निघतं ते.

स्लॅबच्या दिवशी तर मिक्सरमध्ये सरळ पाइप सोडतात. सिमेंटच्या एका ५० किलोच्या गोणीला २५ ते २७ लिटर पाणी, एवढंच. पातळ केलं की ओतायला सोपं जातं, मजुरी वाचते, ताकद मरते ती मालकाच्या घराची. एम-२० च्या, म्हणजे घराच्या स्लॅबला नेहमी वापरतात त्या दर्जाच्या, काँक्रीटला घनमीटरमागे आठ गोण्या लागतात. म्हणजे वरचा ९८९ फुटांचा पाच इंची स्लॅब नुसता ९३ गोण्यांच्या आसपास खातो, बीम वेगळे. एवढं गणित मालकानं आदल्या रात्री केलं असलं तर ६५ गोण्यांत स्लॅब उरकायची कोणाची हिंमत आहे? लोह्याखाली गिट्टीचा तुकडा सरकवतात, लोहा फळीपासून वर उचलून धरणारे २० मिमीचे ठोकळे, कव्हर ब्लॉक, काय सोन्याचे येतात? अन् मे महिन्यात ४५ डिग्रीत स्लॅब टाकून चार दिवस पाणी मारलं की झालं म्हणतात. आळे बांधून निदान १४ दिवस पाणी उभं पाहिजे. त्या पाण्याचा टँकर कोणाकडे, हेही करारात नसतंच.

आणि पैसे! स्लॅब पडेपर्यंत ८० टक्के उचलून झालेले असतात. प्लास्टर, फरशी, दारं-खिडक्या, लाइट, नळ, रंग हे सगळं बाकी, खर्चाचा जवळपास अर्धा भाग तिथंच आहे. ठेकेदार मात्र दुसऱ्या गावात पाया खोदायला गेलेला. फोन उचलत नाही. उचलणार कशाला, त्याचं काय अडलं आहे? घरकुलाच्या सरकारी अनुदानात बांधणाऱ्याचे तर हप्तेच कामाच्या टप्प्यावर येतात, तिथं काम अडलं की हप्ताही अडला.

आधी उचल द्यायची नाहीच. पाया, जोतं, स्लॅब, जोडाई, प्लास्टर, प्रत्येक टप्पा पूर्ण झाला, मोजला, मग पैसे. शेवटचे पाच टक्के पहिला पावसाळा जाईपर्यंत हातात ठेवा. असं म्हटल्यावर "इतका विश्वास नसेल तर राहू द्या" म्हणून जो ठेकेदार उठतो, त्याला फाटकापर्यंत सोडायलाही जाऊ नका.