ळ वरून काय सुरू होतं?

परवा रात्री पावणेबाराला मी राखाडी फोम शीटवर हत्तीची सोंड कापत बसलो होतो. 'ई फॉर एलिफंट'. पोरगी साडेनऊलाच झोपलेली. बायको हत्तीच्या कानांना ग्लिटर लावत होती. पलंगावरून आईचा आवाज आला, "अरे, गृहपाठ नक्की कुणाचा आहे?" उत्तर द्यायला तोंड मोकळं नव्हतं, तोंडात सेलोटेपचा तुकडा होता.

ज्यांची मुलं नर्सरी, ज्युनिअर केजीत आहेत त्यांना हे नवीन नाही. दर आठवड्याला एक अक्षर आणि त्या अक्षराचं क्राफ्ट. ए आला की मगर, बी आली की फुलपाखरू, सी आली की सुरवंट. यू ट्यूबवर बघायचं, अब्दुल रेहमान स्ट्रीटवरून डोळे, काड्या, पाईप क्लीनर आणायचे आणि सोमवारी वर्गातल्या फळ्यावर वीस आईबापांची कलाकुसर लागलेली बघायची. एक हत्ती तर असा होता की तो नक्की कुणातरी आर्किटेक्टने केला असावा. माझी स्पष्ट तक्रार आहे. चार वर्षांच्या पोराला कात्री अजून धड धरता येत नाही, मग तिने न कापलेल्या हत्तीतून तिला 'ई' कळणार कसा? तिच्या लक्षात राहतो हत्ती. तोही बाबांनी केलेला.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. सत्तावीस फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन. शाळेने यंदा उत्साहाने ठरवलं की प्रत्येक मुलाने एका मराठी अक्षराचं क्राफ्ट आणायचं. चिठ्ठ्या टाकल्या. आमच्या वाट्याला आला ळ.

पालकांच्या ग्रुपवर लगेच करुणेचा वर्षाव. ज्यांना 'क' मिळाला ते कमळ, कासव, कबुतर यांच्यात निवड करत होते. एका गुजराती ताईंनी मनापासून विचारलं, "भैया, ळ वरून काय सुरू होतं?" काहीच नाही हो. मराठीत ळ ने शब्द सुरूच होत नाही. ण नेही नाही. म्हणून तर तक्त्यावर 'ण बाणाचा', 'ळ बाळाचा' असं शेपटाकडून धरून आणलेलं असतं.

क्रॉफर्ड मार्केटच्या मागे गेलो, तयार फोमची अक्षरं घेतली. घरी येऊन उघडतो तर संच हिंदीचा. त्यात ड़ आहे, ढ़ आहे, क्ष-त्र-ज्ञ आहेत, ळ नाही. आमचं आडनाव काळे. पोरीने फ्रिजवर मोठ्या हौसेने का लावला, मग बराच वेळ डबा उपसला, आणि शेवटी ले लावून मोकळी झाली. काले. आई म्हणाली, "अख्खं घराणं एका पाकिटात बदललं."

तो ल सुद्धा आपला नव्हताच. माझं पोट अक्षरांवर चालतं, डीटीपी करतो, म्हणून हे डोळ्यांना खुपतं. मराठीचा ल पाकळ्यांचा आणि श देठाचा. राज्य शासनाने २००९ साली वर्णमालेचा निर्णय काढला त्यातही पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श हेच ठरवून दिलं. पण संगणकात बरेचदा हिंदी वळणाचा ल येतो, तक्तेवाले तोच छापतात, आणि पोरं आजीच्या वहीतला ल बघून विचारतात की हे काय काढलंय. माझे वडील गिरगावात एका छापखान्यात जुळारी होते. शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवायचे. त्यांच्या बोटांना अंधारातही ळ सापडायचा असं आई सांगते. थोडं वाढवून सांगत असेल, पण केसमध्ये कुठल्या खणात कुठला खिळा आहे हे जुळाऱ्याचा हात जाणतो, हे मी स्वतः पाहिलंय. जुळारी, खिळा. दोन्हीत ळ आहे, हे मला परवाच लक्षात आलं.

तर तो ळ शेवटी झाला स्वयंपाकघरात. आई पोळ्यांची कणीक मळत होती. तिने एक गोळा नातीला दिला आणि म्हणाली, "वळी कर. लांब. तुटली तर पुन्हा कर." चारपाचदा तुटली. मग ती वळी पाटावर ठेवून एका बाजूला गुंडाळी, दुसऱ्या बाजूला गुंडाळी. "आजी, दोन चकल्या!" झाला ळ. पालथा झाला होता, तो तिनेच फिरवला. नंतर तिने बोटाने परातीतल्या पिठात तेच काढलं, कुणी न सांगता.

यात काही नवीन नाही. मारिया माँटेसोरींनी १९०७ साली रोममध्ये बालगृह सुरू केलं. त्यांच्या पद्धतीत खरखरीत कागदाची अक्षरं कापून पाटीवर चिकटवतात आणि मूल त्यावरून बोट फिरवतं, लिहायच्या आधी. आपल्याकडे धूळपाटी होती. धुळाक्षरं गिरवणं हा वाक्प्रचार भाषेत उरला, धूळ गेली. हवं असेल तर हार्डवेअरच्या दुकानात पॉलिश पेपर काही रुपयांत मिळतो. फार खरखरीत घेऊ नका, बोटं सोलतात. मी पहिल्यांदा तोच घेतला होता.

चिकटवायला आईने खळ शिजवली. मैदा आणि पाणी, मंद आचेवर, ढवळत राहायचं. आमच्या बाइंडिंगवाल्यांच्या खळीत किडे लागू नयेत म्हणून मोरचूद असतो, तो विषारी, पोरांच्या खळीत तो घालायचा नाही. खळ पण ळ. पोरगी आता पेटली होती. डाळ! तांदूळ! गूळ! तीळ! केळं! नारळ! मुंबईतल्या साडेपाचशे स्क्वेअर फुटांत ळ ची एवढी श्रीमंती असेल असं वाटलं नव्हतं. मी म्हटलं, मग ळ वर डाळ-तांदूळच चिकटवूया. तिथे घरात पहिला मतभेद झाला. "अन्न चिकटवायचं नाही," आई म्हणाली. बायकोचं म्हणणं वेगळं, मुंग्या आणि झुरळं येतील. (झुरळ. हेही पोरीने नोंदवलं.) शेवटी तडजोड म्हणून चिंचोके, आणि डब्याच्या तळाशी राहिलेली किडकी तूरडाळ. चिंचोके देताना शेजारी बसा एवढंच सांगतो, या वयात हाती आलेली वस्तू नाकात घालून बघतात.

बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडकांनी १९३६ साली आपल्या दादरमध्ये शिशुविहार सुरू केलं आणि पुढे त्या बोर्डीला, मग कोसबाडला गेल्या. महागडं परदेशी साहित्य गावात परवडणार नाही म्हणून त्यांनी आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघांनी पानं, बिया, शंख-शिंपले, माती हेच साहित्य केलं. बोर्डी काही मंगळावर नाही, डहाणू लोकलने डहाणू रोडला उतरायचं आणि थोडं पुढे जायचं. पण त्यांची युक्ती चर्चगेटच्या दिशेने परत आलीच नाही असं वाटतं. इथे शाळेच्या यादीत अजून गुगली आईज असतात.

आणखी एक, हे जरा धंद्याचं बोलतो. इंग्रजीच्या क्राफ्टमध्ये अक्षराला प्राणी करायची पद्धत आहे, एस ला डोळे लावले की साप. आपण ती जशीच्या तशी उचलतो आणि अ ला अननसाची पानं लावतो. आपल्या अक्षरांची गंमत निराळी आहे, ती एकमेकांतून निघतात. लोकरीचा व करा, पोटात एक काडी तिरपी टाका, ब झाला. काडी न टाकता व ला उजवीकडे एक गाठ द्या, क झाला. प च्या पोटात तिरपी काडी, ष. जुनी मंडळी ग म भ न या क्रमाने शिकवायची ते वळणांकडे बघूनच. अ पासून सुरुवात करायची तर पोराच्या हाताला आधी सगळ्यात अवघड वळण. हे शाळेत सुचवून पाहिलं. बाई गोड हसल्या आणि म्हणाल्या, "सर, सिलॅबस वरून येतो."

सत्तावीसला आमचा ळ गेला. खळीचे ठसे, एक चिंचोका गळालेला, डाळ एका बाजूला दाट आणि दुसरीकडे विरळ. शेजारी 'क' चं कमळ होतं, थर्माकोलचं, आतून दिवा लागत होता. आमच्या ळ ला 'गुड' मिळालं, कमळाला 'एक्सलंट'. पोरीला दोन्हीतला फरक अजून वाचता येत नाही, तेवढं बरं.

पण फ्रिजवर आता 'काळे' आहे. मधला ळ कणकेचा, वाळून तडकलेला, मागे चुंबक. आणि काल आईने सहज विचारलं की ण कशात असतो गं, तर कार्टी बाणाबिणाच्या भानगडीत न पडता सरळ ओट्याकडे गेली आणि लोणच्याच्या बरणीवर हात ठेवून म्हणाली, "लोणचं. बरणी." मग जरा थांबून वर बघितलं. "झाकण."