काकांना निळंच पाहिजे

सोसायटीत 'याला कॉम्प्युटरमधलं कळतं' अशी ज्याची ख्याती झाली आहे, त्याने लिफ्ट वापरू नये. जिन्यात कोणी गाठलं तर 'जरा घाईत आहे' म्हणत दोन-दोन पायऱ्या उतरता येतात. लिफ्टमध्ये सहाव्या मजल्यापासून तळमजल्यापर्यंत आपण समोरच्याच्या ताब्यात. आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीचे खजिनदार काका मला नेहमी लिफ्टमध्येच भेटतात. हा योगायोग नाही, हे वॉचमनने मला खासगीत सांगितलंय.

या वेळी काकांच्या हातात बुटांचा खोका होता.

"यात सोसायटीचा प्राण आहे," ते म्हणाले. मी झाकण उचललं. आत फ्लॉप्या होत्या. वरच्या थरात साडेतीन इंची, खाली सव्वापाच इंची. सव्वापाच इंचीवर बुरशीची पांढरी नक्षी उठली होती. साडेतीन इंची बऱ्या होत्या, पण एकीच्या सरकत्या पत्र्यावर हळदीकुंकवाची बोटं दिसत होती.

"लक्ष्मीपूजनाला चोपडीशेजारी ठेवायचो," काका म्हणाले. "बॅकअप म्हणजे लक्ष्मीच की रे."

प्रकरण असं होतं. सोसायटीचा पुनर्विकास होणार, अशी हवा गेली काही वर्षं आहे. त्या हवेत एका सभासदाने जनरल बॉडीत उभं राहून सिंकिंग फंडाचा पहिल्यापासूनचा हिशोब मागितला. सिंकिंग फंड म्हणजे पुढच्या मोठ्या दुरुस्तीसाठी सभासदांकडून जमवायचा निधी, बांधकामखर्चाच्या वर्षाला निदान पाव टक्का. ऐकायला किरकोळ, पण मारामारीला पुरेसा. छापील लेजरं तळमजल्याच्या ऑफिसात होती, आणि २६ जुलै २००५ च्या पाण्याने त्यांचा लगदा केला. उरल्या त्या या फ्लॉप्या. बी विंगमधल्या एका कॉलेजकुमाराने १९९४ साली सोसायटीसाठी हिशोबाचा प्रोग्रॅम लिहून दिला होता. गल्लोगल्ली कॉम्प्युटर क्लास होते तेव्हाचा काळ. वर्डस्टार आणि लोटस शिकून लोक थांबायचे, त्यातले महत्त्वाकांक्षी डीबेसपर्यंत जायचे आणि अगदीच वाया गेलेले क्लिपरपर्यंत. क्लिपर म्हणजे डीबेसच्याच जातीची, डेटा सांभाळणारे प्रोग्रॅम लिहायची भाषा. हा क्लिपरवाला. तो आता न्यू जर्सीत असतो आणि सोसायटीचा नंबर दिसला की फोन उचलत नाही. हुशार होता, असं सगळेच म्हणतात.

साडेतीन इंचीसाठी यूएसबीला लावायचा फ्लॉपी ड्राइव्ह मिळतो. सव्वापाचसाठी असा सरळ काही मिळत नाही, त्यामुळे बुरशी आपोआप वगळली गेली. ड्राइव्ह आला, फ्लॉपी आत गेली आणि खर्र-खट्ट, खर्र-खट्ट असा तो आवाज आला. स्वयंपाकघरातून बायको धावत बाहेर आली, तिला वाटलं मिक्सर गेला. काकांनी मात्र डोळे मिटून घेतले होते. कुंकवाच्या फ्लॉपीतून अख्खा फोल्डर सुखरूप निघाला. न पुजलेल्या दोन वाचताच आल्या नाहीत. काकांनी माझ्याकडे पाहिलं, मी खिडकीबाहेर.

प्रोग्रॅमवर डबल क्लिक केल्यावर विंडोज ११ ने सांगितलं, की हे ॲप तुमच्या पीसीवर चालणार नाही. हे अपेक्षितच होतं. आमचा प्रोग्रॅम डॉसचा, म्हणजे विंडोजच्या आधीच्या ऑपरेटिंग सिस्टिमचा, आणि डॉसचे प्रोग्रॅम १६ बिटांचे. ३२ बिटांच्या विंडोजमध्ये त्यांच्यासाठी माळ्यावर एक खोली राखून ठेवलेली असायची. प्रोसेसर ६४ बिटांच्या तालात धावू लागला की त्याची ती जुनी सोयच बंद होते, म्हणून मायक्रोसॉफ्टने ६४ बिटांच्या विंडोजमध्ये खोलीच बांधली नाही. काकांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे पुनर्विकासात जुन्या भाडेकरूला जागाच दिली नाही?" इतका नेमका खुलासा मला कुठल्याही पुस्तकात मिळालेला नाही.

खरं तर गोष्ट इथेच संपायला हवी होती. कारण क्लिपरचा डेटा डीबीएफ नावाच्या तक्त्याच्या फाइलींत असतो आणि डीबीएफ लिब्रेऑफिस या एक्सेलसारख्या फुकट प्रोग्रॅममध्ये सरळ उघडते. मी उघडली. सभासद, फ्लॅट नंबर, सिंकिंग फंड, पावती क्रमांक, तारखा, सगळं रकान्यांत मांडलेलं. चहा निवायच्या आत काम झालं होतं. मी विजयी मुद्रेने खुर्ची काकांकडे वळवली.

"हे काय आहे?"

"तुमचा डेटा, काका."

"छे. माझा निळा होता."

"रंग निळा होता. आकडे हेच आहेत."

"अरे, हे कोणीही टाइप करेल. निळ्या पडद्यावर पिवळी अक्षरं, भोवती डबल रेघेची चौकट, खाली 'एस्केप टू एक्झिट'. ते दिसलं तर जनरल बॉडी ऐकेल. हे एक्सेल दाखवलं तर म्हणतील काल रात्री बसून केलं."

यात तथ्य होतं, हे मला नाइलाजाने मान्य करावं लागलं. माझ्या ऑफिसातल्या मीटिंगांतही आकड्यापेक्षा आकड्याची चौकटच जास्त मतं मिळवते.

तेव्हा डॉसबॉक्स. हा एक एम्युलेटर, म्हणजे नव्या कॉम्प्युटरच्या पोटात जुन्या पीसीचं सोंग वठवणारा प्रोग्रॅम. प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, साउंड कार्ड, टाइमर, सगळ्यांच्या नकला एकटा करतो. फुकट मिळतो. २००२ पासून आहे आणि आवृत्तीचा आकडा अजून ०.७४ च्या घरात घुटमळतोय, एकवर आलेला नाही. आमच्या कन्व्हेयन्ससारखंच, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर होण्यासारखंच. करणाऱ्यांनी तो जुने गेम खेळता यावेत म्हणून केला आणि तसं ते उघड सांगतात. हिशोबवाल्यांनी आपल्या जबाबदारीवर यावं. जगभर लोक त्यावर राजकन्या सोडवतात, आणि मी सिंकिंग फंड.

डॉसबॉक्स उघडला की एक काळी खिडकी येते आणि 'झेड' ड्राइव्हवर कर्सर लुकलुकत बसतो. आपल्या हार्ड डिस्कचा त्याला पत्ता नसतो. 'माउंट' म्हणून त्याला सांगावं लागतं, की बाबा, हा फोल्डर तुझा 'सी'. काकांनी फोल्डरला नाव दिलं होतं 'सोसायटी हिशोब अस्सल'. शुद्ध देवनागरीत. डॉसबॉक्सने असा फोल्डरच नाही म्हणून हात वर केले.

"मराठीला अभिजात दर्जा मिळालाय," काका म्हणाले.

"याला अजून कळलं नाहीये, काका. हा १९९४ मध्ये आहे."

फोल्डरचं नाव इंग्रजीत आठ अक्षरांच्या आत बसवलं. जुन्या डॉसला फाइलीचं नाव आठ अक्षरं, टिंब आणि मग तीन अक्षरं, याहून जास्त झेपत नसे. मग 'सी कोलन', मग प्रोग्रॅमचं नाव, मग एंटर. आणि निळं आलं! पूर्ण पडदा निळा, डबल रेघेची चौकट, मधोमध पिवळ्या अक्षरांत 'वेलकम', सोसायटीचं नाव, रजिस्ट्रेशन नंबर आणि सर्वांत खाली 'ऑनररी ट्रेझरर' म्हणून काकांचं नाव. काका खुर्चीत सरसावून बसले. मी सांगतो, मुलाच्या बारावीच्या निकालालाही त्यांचा चेहरा असा झाला नव्हता. मी तेव्हा तिथे होतो.

नंतर मात्र 'वेलकम' जाईचना. आमचा चहा संपला, बायकोने कप नेले, तरी काकांचं नाव आपलं तिथेच. वेगळं सांगितलं नाही तर डॉसबॉक्स असले प्रोग्रॅम जवळजवळ २८६-३८६ या जुन्या प्रोसेसरांच्या काळातल्या वेगाने चालवतो. सेकंदाच्या हजाराव्या भागात ३,००० सूचना, असा त्याचा ठरलेला रतीब. कंट्रोल आणि एफ-१२ दाबलं की वेग वाढतो, एफ-११ ने कमी होतो. मी वेग वाढवला. मुख्य मेनू आला.

"आता परत सुरू कर," काका म्हणाले. केला. या वेळी 'वेलकम' चमकून नाहीसं झालं.

"माझं नाव दिसलं नाही."

कारण साधं होतं. बी विंगच्या त्या पोराने पडदा थोडा वेळ थांबवण्यासाठी प्रोग्रॅमला उगाच एकपासून भल्यामोठ्या आकड्यापर्यंत मोजायला लावलं होतं. तेव्हाच्या मशिनला मोजायला वेळ लागायचा, आता लागत नाही. तेव्हा सर्रास असंच करायचे. टर्बो पास्कल या तेव्हाच्या भाषेत लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये अशाच मोजणीने घोटाळा केला होता: प्रोसेसर साधारण २०० मेगाहर्ट्झच्या पुढे गेले आणि चांगले चालणारे प्रोग्रॅम उघडताक्षणी शून्याने भागाकाराची तक्रार करून मरू लागले. आमच्या प्रोग्रॅमने मरायची धमकी दिली नाही, त्याने फक्त काकांचं नाव गाळलं. आणि ते जास्त गंभीर होतं.

मग आम्ही वेग जुळवायला बसलो. एफ-११, एफ-१२, एफ-११. "जरा जास्त... हां, आता फार झालं... सेक्रेटरीचं नाव वाचून होतंय, माझं अर्धंच राहतंय." सेकंदाला अब्जावधी सूचना पाळणारं यंत्र मी पैसे मोजून घेतलंय, आणि त्याची संध्याकाळ काकांचं आडनाव पडद्यावर किती रेंगाळावं यात गेली. संथ यंत्राला वेग द्यायचा तर पैसे लागतात, वेगवान यंत्र संथ करायचं तर खजिनदार लागतो.

मध्येच काकांनी खिडकीत क्लिक केलं आणि माउस गायब झाला. डॉसबॉक्स माउस आत ओढून घेतो, कंट्रोल आणि एफ-१० दाबल्याशिवाय सोडत नाही. मी सोडवायला गेलो तर काका म्हणाले, "राहू दे. तेव्हा नव्हताच." आणि हो, त्याच्याच शेजारच्या एफ-९ ने कंट्रोलसह अख्खा डॉसबॉक्स न विचारता बंद पडतो. शेजारी-शेजारी ही बटणं कोणी ठेवली असतील ते ठेवोत.

मेनूतून पुढे जायला पासवर्ड हवा होता. काकांना आठवेना. पण पासवर्डसुद्धा बिचारे एका डीबीएफमध्येच उघडेवाघडे पडलेले होते, तेव्हा मी पुन्हा लिब्रेऑफिसकडे गेलो. चेअरमनचा पासवर्ड 'चेअरमन'. सेक्रेटरींचा रिकामा. खजिनदारांचा, रोमन लिपीत सात अक्षरांत, 'खडूस'.

"हे कोणावरून, काका?"

"तेव्हाच्या चेअरमनवरून," काका खाली बघत म्हणाले. मग आवाज आणखी उतरला. "तोच. ज्याने आता हिशोब मागितलाय."

इथे मला पुनर्विकास, सिंकिंग फंड, निळा पडदा, सगळ्याचा उलगडा झाला. त्या माजी चेअरमननी १९९८ साली बिल्डिंगच्या रंगाचे बाराशे रुपये 'तत्त्व म्हणून' भरले नव्हते. सोसायटीच्या उपविधीप्रमाणे थकबाकीवर वर्षाला २१ टक्क्यांपर्यंत सरळ व्याज लावता यायचं. काकांना ते व्याज हवं होतं आणि ते प्रोग्रॅमच्या तोंडून हवं होतं. "सत्तावीस वर्षांचे सहा हजार आठशे चार होतात," ते म्हणाले. म्हणजे तोंडी हिशोब कधीच झाला होता.

छपाईसाठी आणखी एक वळसा पडला. साध्या डॉसबॉक्सला प्रिंटर ठाऊक नाही. गेमला पावती लागत नाही. 'प्रिंटर नॉट रेडी, प्रेस एनी की' असं प्रोग्रॅम म्हणायचा, आम्ही की दाबायचो, तो पुन्हा म्हणायचा. मग डॉसबॉक्स-एक्स हा त्याचा भाऊबंद बसवला. तो डॉट मॅट्रिक्स प्रिंटरचीही नक्कल करतो आणि पानाचं चित्र करून फोल्डरमध्ये ठेवतो. वेग पुन्हा जुळवावा लागला, हे सांगायला नकोच. काकांनी चाचणीचं पान बराच वेळ न्याहाळलं. "अक्षर तेच आहे," ते म्हणाले. "किर्रर्र मात्र आलं नाही."

त्यानंतर माझा ऑफिसचा फोन आला आणि मी गॅलरीत गेलो. काकांनी दोन बोटांनी फ्लॅट नंबर टाकला, थकबाकी निवडली, भरण्याची तारीख टाकली ३१/०३/२५, आणि छापा म्हणाले. प्रोग्रॅम १९९४ चा. त्याच्या लेखी वर्ष दोन आकडी आणि शतक एकच. क्लिपरला वेगळं सांगितलं नाही, तर दोन आकडी वर्ष तो एकोणीसशेतलंच धरतो. याच भीतीने सोसायटीने १९९९ च्या डिसेंबरात तो बंद केला होता. काकांनी टाकलेलं २५ त्याने १९२५ वाचलं. म्हणजे १९९८ ची थकबाकी सभासदाने त्र्याहत्तर वर्षं आधीच भरली! अशा आदर्श सभासदाला प्रोग्रॅमने २१ टक्क्यांनी उणे व्याज लावलं: १८,३९६ रुपये. त्यातून बाराशे मुद्दल वजा जाता सोसायटीच त्यांना १७,१९६ रुपये देणं लागते, असं ठिपक्याठिपक्यांच्या अस्सल अक्षरांत, डबल रेघेच्या चौकटीत छापून आलं. खाली काकांचं नाव.

मी गॅलरीतून आत आलो तेव्हा काका मोबाइल खिशात ठेवत होते. स्क्रीनचा फोटो काढून त्यांनी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला होता, वर एकच शब्द: 'पुरावा'. चश्मा टेबलावरच होता.

मी पान वाचलं. त्यांना तारखेचं समजावून सांगायला तोंड उघडतोय, तोच त्यांचा फोन वाजला. माजी चेअरमनचं उत्तर आलं होतं.

'मान्य. चेक कधी मिळेल? सही तुमचीच लागेल ना?'