एफवायला केमिस्ट्री घेतलीय? मग हे वाचा आणि निवांत रहा

सगळ्यात आधी अभिनंदन. नीटला मार्क कमी पडले म्हणून का होईना, तुम्ही बीएस्सीला आलात आणि विषय निवडताना कुणीतरी काका म्हणाले "केमिस्ट्री असू दे, फार्मा कंपन्या खूप आहेत" म्हणून केमिस्ट्रीवर टिक केलीत. एकदम बरोबर. आवड बघून विषय घेणारी पोरं नंतर लेक्चरला शंका विचारतात आणि अख्ख्या वर्गाचा डबा खायचा टाइम जातो.

पहिले काही आठवडे काहीच टेन्शन घेऊ नका. मोल कन्सेप्ट असतो, तो अकरावीत झालाय, क्लासमध्ये परत झालाय, रिपीट केलं असेल तर आणखी एकदा झालाय, आणि तरीही कुणी विचारलं की मोल म्हणजे नक्की काय तर वर्गात एकदम शांतता. ही शांतता जपा. बरं, 20 मे 2019 पासून मोलची व्याख्याच बदललीय, आता 12 ग्रॅम कार्बन-12 वगैरे भानगड नाही, सरळ 6.02214076 गुणिले 10 चा 23वा घात इतके कण म्हणजे एक मोल, विषय संपला. पण झेरॉक्सच्या दुकानात मिळणाऱ्या नोट्सना हे अजून कुणी कळवलेलं नाही. तेव्हा पेपरात काय लिहायचं ते नोट्स बघून ठरवा, पेपर तपासणाऱ्यांचं कॉलेजही झेरॉक्सवरच झालेलं असू शकतं.

मग अॅटॉमिक स्ट्रक्चर. श्रोडिंजरने 1926 मध्ये समीकरण मांडलं, ते एक इलेक्ट्रॉनवाल्या हायड्रोजनसाठी पूर्ण सुटतं, हेलियमपासूनच अंदाजपंचे गाडी सुरू होते. तुम्हाला ते सोडवायचं नाहीये, फक्त "डिराईव्ह" या शब्दाखाली पाठ केलेलं उतरवायचंय. क्रोमियममध्ये एक इलेक्ट्रॉन 4एस मधून 3डी मध्ये का जातो, असं विचारलं की डोळे मिटून "सर, हाफ फिल्ड स्टेबिलिटी" म्हणा, म्हणजे डी च्या दहा जागांपैकी पाच भरल्या की अणू खूश. कॉपरला फुल फिल्ड म्हणा. या दोन उत्तरांवर डिग्री निघते. फक्त चुकूनही पिरियॉडिक टेबलमध्ये क्रोमियमच्याच रांगेत दोन घरं खाली बघू नका, तिथे टंगस्टन बसलाय, त्याच्या डी मध्ये चारच इलेक्ट्रॉन आहेत आणि तो तसाच खुशाल आहे. त्याला कुणी स्टेबिलिटीचं सांगितलेलं दिसत नाही. हे सरांना विचारलंत तर ते खूश होतील किंवा इंटर्नलला तुमचं नाव लक्षात ठेवतील. रिस्क तुमची.

पण खरी केमिस्ट्री प्रॅक्टिकलला. तिथे नीट लक्ष द्या.

टायट्रेशन, म्हणजे एका सोल्यूशनने दुसऱ्याची स्ट्रेंग्थ मोजायची. ब्युरेटमध्ये सोडियम हायड्रॉक्साइड, फ्लास्कमध्ये 10 मिली ऑक्झॅलिक अॅसिड, रंग बदलला की थांबायचं म्हणून दोन थेंब फिनॉल्फ्थॅलीन. पिपेट तोंडाने ओढायचं नसतं, त्यासाठी रबरी बल्ब असतात, आणि ते कपाटात अगदी नवेकोरे ठेवलेत, कॉलेजला ग्रेड देणाऱ्या नॅकची कमिटी आली की बाहेर येतात आणि कमिटीने चहा घेतला की आत जातात. तोपर्यंत तुम्ही आहात आणि ऑक्झॅलिक अॅसिड आहे. चव आंबट असते असं सिनियर सांगतील, ते त्यांना कसं माहीत हे विचारू नका.

आता मुख्य मुद्दा, रीडिंग. दोन्ही सोल्यूशनच्या बाटल्यांवर 0.1 एन, म्हणजे सारखीच स्ट्रेंग्थ लिहिलीय, म्हणजे रीडिंग 10 च्या आसपास यायला पाहिजे हे शेंबड्या पोरालाही कळतं. तुमचं येईल 10.8. परत करा, 10.8. तिसऱ्यांदा अगदी थेंब थेंब सोडून, फ्लास्कखाली पांढरा कागद ठेवून, गुलाबी झाक जेमतेम टिकेल इथवर थांबून करा, पुन्हा 10.8. आता घाबरू नका आणि मुख्य म्हणजे त्या बाटलीकडे जाऊ नका. गेलात तर दिसेल की तिच्या तोंडाशी पांढरी खपली धरलीय आणि काचेचं बूच असं चिकटलंय की लॅबच्या शिपाईमामांना ते ठोकून काढावं लागतं. सोडियम हायड्रॉक्साइड हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, त्याचं कार्बोनेट होतं, म्हणजे ती बाटली 0.1 एन होती जूनमध्ये, आता दिवाळी आली. म्हणूनच तर त्याला स्टँडर्डाइज करायचं, म्हणजे खरी स्ट्रेंग्थ काढायची असते, तो अख्खा प्रयोग त्यासाठीच ठेवलाय. म्हणजे तुमचं 10.8 हे वर्गातलं एकमेव खरं उत्तर असायची दाट शक्यता आहे.

ते ताबडतोब खोडा. शेजारच्याकडे बघा, त्याचा सीबीआर, म्हणजे शेवटी पक्कं धरलेलं ब्युरेट रीडिंग, 10.1 आहे, कारण त्याच्या शेजारच्याचा 10.1 आहे, कारण मागच्या वर्षीच्या जर्नलमध्ये 10.1 आहे, आणि मॅडमही तोच आकडा शोधत येतात. पायलट रीडिंग 10 ते 11 लिहा, मग 10.1, 10.2, 10.1. तिन्ही सारखी लिहू नका, इतकं परफेक्ट कुणाचंच येत नाही, लगेच डोळ्यात भरतं. फसवायचं तर जरा प्रामाणिकपणे फसवा की राव. आणि जर्नल पेन्सिलने आधी, पेनाने नंतर, ही शिस्त मात्र पाळा.

सॉल्ट अॅनालिसिस, म्हणजे दिलेली पावडर कशाची ते ओळखणं, त्याहून सोपं. ग्रुप वन, ग्रुप टू असं ओळीने जायची पद्धत ज्यांना वेळ आहे त्यांच्यासाठी. तुम्ही रंग बघा. निळं दिसलं की कॉपर, गुलाबी दिसलं की कोबाल्ट, हिरवं असेल तर निकेल नाहीतर आयर्न, पांढरं निघालं तर मामांशी संबंध कसे आहेत त्यावर सगळं. मामांना नावानिशी हाक मारा, घरचं विचारा. एच टू एस सोडला की कुजक्या अंड्याचा वास येतो, सगळे नाकाला रुमाल लावून बाहेर पळतात, हा ग्रुप टू. आणि थोड्या वेळाने वास यायचा बंद झाला म्हणून गॅस गेला असं समजून आत जाऊ नका, तो गॅस जास्त झाला की आधी नाकच बधीर करतो. हे एवढं एक मी गंमत म्हणून सांगत नाहीये.

ब्राऊन रिंग टेस्टला टेस्ट ट्यूब तिरकी धरून कडेने सल्फ्युरिक अॅसिड सोडायचं असतं, हलवायचं नसतं. तुम्ही हलवाल. सगळेच हलवतात. रिंग गेली तरी जर्नलमध्ये "ब्राऊन रिंग ऑब्झर्व्हड" लिहा, नायट्रेट कन्फर्म, फेरस सल्फेट ताजं होतं का शिळं हा विचार एमएस्सीवाल्यांनी करावा.

व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरच्या कॉलेजचे एक्स्टर्नल सर आले की ते 10 चा उणे आठवा घात मोलर एचसीएलचा पीएच विचारतात, हे ठरलेलं. 8 म्हणालात तर, सातच्या वर बेस असतो म्हणून, अॅसिडात पाणी ओतून तुम्ही बेस तयार केलात, अशा शोधाला खरं तर बक्षीस पाहिजे पण ते नापास करतात. उत्तर 6.98 च्या आसपास, कारण पाण्याचे स्वतःचे आयन पण मोजायचे. हे सांगताना जरा अडखळा, फाडफाड बोललात तर पुढचा प्रश्न येतो.

आणि वर्ष संपलं की एप्रन फेकू नका. सल्फ्युरिक उडालेलं तेव्हा कळत नाही, धुतलं की भोकं पडतात, पण ज्युनियर मुलं येतातच जुलैत, त्यांना अर्ध्या किमतीत विका, खिशात तुमचं जर्नल घडी करून ठेवा आणि त्याचे वेगळे पैसे लावा.