बिनडोक मासा

आमच्या घरी मुलं रात्री अर्धपोटी झोपतात, अशी बातमी सध्या आमच्या विंगमध्ये फिरते आहे. उगमस्थान: तिसरा मजला, तात्या. पहिल्या मजल्यावरच्या वहिनींनी तर काल लिफ्टमध्ये माझ्या धाकट्याच्या दंडाला हात लावून बघितला.

झालं होतं एवढंच, की बुधवारी रात्री मी सॅल्मन बेक करत होते.

जुलै चालू आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, ट्रॉलर किनाऱ्याला. भांडुपच्या बाजारात जे काही येतं ते एक तर बर्फातलं नाहीतर न परवडणारं. पुढ्यात श्रावण. मोबाइलवर सॅल्मनचे तुकडे दिसले, मागवले, आदल्या रात्री फ्रीजरमधून खालच्या कप्प्यात उतरवून ठेवले. दुसऱ्या दिवशी सीएसएमटीपासून उभ्याने घरी आले. सॅल्मन मात्र पार नॉर्वेहून झोपून आला होता. असो.

लॉकडाऊनमध्ये सगळ्यांनी घेतला तसा आम्हीही ओटीजी घेतला होता. गिझर बंद असेल तरच तो चालतो, नाहीतर एमसीबी पडते. गिझर बंद केला, ओव्हन २०० डिग्रीवर तापत ठेवला. तुकडे टिश्यूने कोरडे करून, मीठ, मिरपूड, ठेचलेला लसूण, बटर, लिंबाच्या चकत्या आणि शेपूच्या चार काड्या घालून, कातडी खाली ठेवून आत सरकवले. बारा ते पंधरा मिनिटं. तेवढ्यात भात होतो. साडेआठला जेवण, नऊला भांडी, दहाला मी आडवी. कित्येक वर्षांत असा बुधवार उगवला नव्हता.

बेल वाजली.

तात्या पुनर्विकासाच्या संमतीपत्राची फाइल घेऊन दारात उभे. सही घ्यायची, जायचं, दोन मिनिटांचं काम. पण तात्यांचं नाक मालवणचं आहे. फाइल डायनिंग टेबलावर टाकून ते सरळ स्वयंपाकघरात, ओव्हनच्या काचेसमोर.

"काय गो, केक?"

"नाही तात्या, मासा."

तात्या एरवी सोसायटीच्या इतिवृत्तासारखं मराठी बोलतात. 'मासा' ऐकलं की मालवणी सुरू होते.

"मासो? मगे वास खंय?"

ही तक्रार मी माझ्या आयुष्यात प्रथमच ऐकत होते. बाकीची मुंबई मासे खाणाऱ्यांच्या घराचा वास येतो म्हणून कुरकुरते. इथे दारात उभा असलेला माणूस येत नाही म्हणून नाराज.

तात्यांनी गुडघ्यावर हात टेकून आत बघितलं. बराच वेळ बघितलं. "ह्येची टकली खंय?"

"डोकं नसतं तात्या. कापूनच येतो."

"नि शेपटी?"

"तीपण नसते."

"काटो?"

"काढलेला असतो."

तात्या सरळ झाले. चष्मा कपाळावर चढवला आणि आवाज खाली आणून, मला धक्का बसू नये अशा बेताने, म्हणाले, "मगे ह्यो मासो म्हणान तुका कोणी सांगल्यान?"

मी म्हटलं, पाकिटावर लिहिलंय. पाकीट कचऱ्याच्या डब्यातून काढून दाखवावं लागलं. त्यांनी ते रेशनकार्ड तपासल्यासारखं उलटसुलट केलं. 'म्हणजे रावसच मा?' अशी तडजोडही सुचवून बघितली, कारण काही दुकानांत रावसावर इंडियन सॅल्मन अशी पाटी असते. पण रावसाचं कूळच निराळं. तसं सांगितल्यावर त्यांनी मला वाचवायचे प्रयत्न सोडले आणि ओव्हनचं दार उघडायला लावलं.

"वर पालो कसलो?"

"शेपू."

स्वयंपाकघरात फक्त कुकरची शिट्टी ऐकू येत होती.

"माशार शेपू? गो बाय, शेपू बाळंतिणीक देतत. ह्यो मासो बाळंत झालोहा?"

आतल्या खोलीतून माझा नवरा हसला. बाहेर आला नाही, फक्त हसला. याची वेगळी नोंद घेतलेली आहे.

पुढे उलटतपासणी. तिरफळां? नाही. सोलां? नाही. हळद तरी? नाही, तात्या. वाटप? तात्या, पंधरा मिनिटांचं जेवण आहे, वाटप कुठून काढू? मग त्यांनी बोट पुढे करून तुकड्याची कड घासली आणि बोट दिव्याखाली धरलं. "रंग लावलेलो असा."

आता इथे खरी पंचाईत आहे. रानटी सॅल्मन समुद्रातली क्रिल-कोळंबी खातो, त्यातल्या अ‍ॅस्टाझँथिनमुळे त्याचं मांस नारिंगी होतं. शेतीतल्या सॅल्मनला तेच खाद्यातून द्यावं लागतं, नाहीतर तो करडा-पांढुरका निघतो. म्हणजे वरून रंग फासलेला नसला, तरी तात्या अगदीच चुकीचे नव्हते. हे मी त्यांना सांगितलं नाही, सांगणारही नाही. 'ओमेगा-३ असतं त्यात' एवढंच म्हटलं. "बांगड्यात नाय?" बांगड्यात असतं. तारलीत तर भरपूर असतं. गप्प बसले.

दार तीनदा उघडायला लावल्यामुळे ओव्हन निवला, म्हणून पाच मिनिटं वाढवली आणि तिथे माती खाल्ली. सॅल्मन जास्त शिजला की त्यातलं प्रथिन पांढरं होऊन कडेने बाहेर येतं. ते दिसताच तात्या आनंदले. "बघ, घाम इलो ह्येका!"

मग किंमत. मी खऱ्याच्या निम्मी सांगितली. तरी त्यांनी छातीला हात लावला आणि टेबलाच्या खुर्चीत बसले. एवढ्या पैशात आम्ही भाऊच्या धक्क्यावरून काय काय आणायचो, याची यादी झाली: सरंगा, सुरमई, पिशवी भरून मांदेली, वर दोन खेकडे फुकट. कल्ला उचलून बघायचा, डोळा बघायचा, पोट दाबायचं, कोळणीशी भांडायचं, मग आणायचं.

आणायचं. इथे माझं डोकं फिरलं. कारण आणल्यावर काय व्हायचं ते तात्यांच्या गोष्टीत कधीच नसतं. पिशवी ओट्यावर ठेवली की माशाचं चरित्र संपतं, ते एकदम ताटात चालू होतं. मधल्या वेळात तात्या पेपर वाचतात. आमच्याकडचे बहुतेक मत्स्यतज्ज्ञ या जातीचे आहेत. माझे वडील होते, सासरे होते, आतला हसणाराही त्याच वाटेवर आहे. जन्मभर बांगडा पारखला, साफ एकदाही केला नाही. कोळीण खवले काढून देते हो, पण घरी आल्यावर पोटातलं उरलंसुरलं खरवडायचं, तीन पाण्यांनी धुवायचं, सिंकच्या जाळीतले खवले बोटांनी वेचायचे. कालवणाला खोबरं वाटायचं, तळायचं, शेगडी पुसायची. ओला कचरा सकाळपर्यंत न्यायला कोणी येत नाही, म्हणून ती घाण पिशवीत बांधून फ्रीजरमध्ये ठेवायची. दुसऱ्या दिवशी ऑफिसात कीबोर्डवरून हात उचलला की आपल्यालाच वास. आणि हे सगळं रात्री आठनंतर, ब्लाउजसुद्धा बदललेला नसताना.

सॅल्मन चवीला बांगड्याच्या जवळपासही येत नाही, हे मला तात्यांनी सांगायची गरज नाही. मी आचऱ्याची आहे. त्याचा गुण एकच. त्याची घाण नॉर्वेत कोणीतरी आधीच काढून टाकलेली असते. त्या 'कोणीतरी'ला पगार मिळतो. मी त्याचे पैसे देते. हे मी तात्यांना बोलले का? छे. "तात्या, सही कुठे करू?" असं विचारलं. तर संमतीपत्रावर बटरचा ठिपका पडलेला. नेमका चटईक्षेत्राच्या आकड्यावर. नवीन प्रत काढावी लागेल म्हणत तात्या फाइल घेऊन निघाले आणि जाताना मुलांच्या डोक्यावरून हात फिरवून गेले. धाकट्याने तोपर्यंत सॅल्मनवर केचप ओतलं होतं. थोरली शेपू वेचून ताटाच्या कडेला लावत होती.

साडेनऊला पुन्हा बेल. काकी. हातात डबा. "ह्यांनी सांगितलं, पोरं उपाशी आहेत." डब्यात सुकटीचं किसमूर, वर ओलं खोबरं. म्हणजे तात्यांनी खाली जाऊन फर्मान सोडलं होतं, आणि काकी, जिच्या एका गुडघ्याचं ऑपरेशन दिवाळीनंतर ठरलंय, रात्री नऊला सुकटीची डोकी-शेपट्या खुडत बसली होती. मुलांनी डबा चाटूनपुसून साफ केला. मीही खाल्लं. उत्कृष्ट होतं, आणि घासागणिक राग येत होता. कोणाचा, ते नीट सांगता येत नाही, पण फाइलवाल्याचा बराचसा.

डबा रिकामा परत देत नाहीत, म्हणून दुसऱ्या संध्याकाळी त्यात साखर घालून गेले. तात्या कमिटीच्या मीटिंगला. काकीने मला आत ओढलं, दार लोटलं.

"खरांच साफ करूचो लागणा नाय?"

"नाही काकी."

"खवले?"

"काढलेले असतात. पुसायचा आणि शिजवायचा."

काकी थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग कमरेच्या पिशवीतून घडी घातलेल्या नोटा काढल्या. "माका दोन तुकडे मागवन दी. ह्यांका सांगा नको."

"पण काकी, रंग? ओळखतील ना."

"मसालो, वाटप, सोलां घातल्यार कोणाक रंग कळता? रावस म्हणान सांगतंय."

"डोकं मागतील."

"मांजरान नेल्यान म्हणान सांगतंय."